अजाणत्याचे प्रायश्चित्त

कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर जी मिताक्षरा टीका लिहिली, तिच्या प्रायश्चित्तप्रकरणात बालकांच्या अपराधांविषयी जुनी स्मृतिवचने उद्धृत केलेली आहेत. प्रायश्चित्ताच्या विधींवरचा आपला विश्वास उडून गेल्याला पुष्कळ काळ लोटला असला, तरी त्या वचनांमागची विचारसरणी अद्याप शिळी झालेली नाही. पाच वर्षांच्या आतील मुलाला ना अपराध, ना पातक, ना राजदंड; सोळाच्या आतील मुलाला प्रौढाच्या निम्मे प्रायश्चित्त; आणि या दोहोंच्या मध्ये, पाच वर्षे पुरी झालेल्या पण अकरा न भरलेल्या मुलाच्या हातून पाप घडले, तर त्याचे प्रायश्चित्त त्याच्या भावाने, पित्याने अथवा अन्य बांधवाने करावे, अशी ती व्यवस्था आहे. पाप घडले हे शास्त्रकार नाकारीत नाहीत आणि मुलाला निरपराध म्हणून प्रकरण दप्तरबंदही करीत नाहीत. कृत्य एकाचे आणि त्याचे उत्तरदायित्व दुसऱ्याचे, ही गोष्ट ते शांतपणे मान्य करतात. ज्या धर्मशास्त्राने सुरापानाची गणना महापातकांत केली, आणि महापातक्याच्या दीर्घ सहवासालाही पाचवे महापातक ठरविले, त्याच धर्मशास्त्राला मुलांच्या बाबतीत हा विचार करावा लागला, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रस्तुत प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. तेरा-चौदा वर्षांचे पोर दारू पिते, तेव्हा त्या कृत्याचा कर्ता कोण?

नागपुरात राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण या शहराच्या चहूबाजूंना मद्यत्यागाची व्रते उभी आहेत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मी दारू पिणार नाही ही एक होती. दक्षिणेला वर्धा जिल्हा, जिथे गांधी-विनोबांच्या वास्तव्याचा मान राखून 1974 पासून दारूबंदी आहे. पश्चिमेला अमरावतीच्या वाटेवर तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी, जिथून निघालेल्या खंजिरीने विदर्भातली खेडी व्यसनाविरुद्ध जागी केली. एवढी व्रते ज्या मुलखात घेतली गेली, त्या मुलखातल्या मुलांच्या मद्यपानाचा विचार केवळ अबकारी खात्याचा किंवा पोलिसांचा विषय म्हणून करणे मला अपुरे वाटते.

व्रत मात्र जाणत्याचे असते. पंचशीलातील पहिली चार शीले दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यासाठी आहेत: जीव घेऊ नये, न दिलेले घेऊ नये, व्यभिचार करू नये, खोटे बोलू नये. पाचव्याचे कारण निराळे आहे. मद्य प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे स्थान आहे म्हणून ते वर्ज्य. ज्या सावधपणाच्या बळावर उरलेली चार शीले पाळायची तोच मद्याने जातो. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी एका गृहस्थपुत्राला मद्यपानाचे जे सहा दुष्परिणाम सांगितले, त्यांत धनहानी, कलह, रोग, दुष्कीर्ती आणि निर्लज्जता यांच्यासमवेत बुद्धीचे दौर्बल्यही येते. ज्याच्याजवळ ही सावध बुद्धी तयार झालेली आहे त्याने ती राखावी, हे ठीक; पण ज्याची ती अद्याप घडते आहे त्याच्याकडून कोणते शील मागायचे? आजचे शरीरशास्त्र सांगते की विवेक आणि संयम ज्यावर अवलंबून असतात तो मेंदूचा पुढला भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. 1997 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पंधरा वर्षांच्या आत पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्के लोक पुढे केव्हा ना केव्हा दारूच्या आहारी गेल्याचे, तर विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असल्याचे आढळले. लवकर पिणे हेच त्याचे एकमेव कारण की ज्या घरांत आणि वस्त्यांत मुले लवकर पितात तिथली इतर दुःखेही त्यात मिसळलेली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु दोन्हींपैकी काहीही खरे मानले तरी दोष पोराच्या माथी मारता येत नाही.

मग बेसावध कोण, असे विचारले तर उत्तर दप्तरात सापडते. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी अधिनियम आजही अंमलात आहे; कडक मद्यासाठी 25 वर्षे आणि बिअरसाठी 21 वर्षे अशी वयाची मर्यादा आहे; बालन्याय अधिनियम, 2015 च्या कलम 77 प्रमाणे बालकाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्यात कसूर नाही. परंतु राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या हिशेबात देशी, विदेशी, बिअर आणि वाईन यांचे लिटर आहेत, महसुलाचे रुपये आहेत. गिऱ्हाइकाच्या वयाला त्यात रकाना नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी दारूचा प्रश्न पंधराव्या वर्षापासून पुढे विचारते. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात जी बारा राज्ये निवडली गेली त्यांत महाराष्ट्र नव्हता. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 10 ते 17 वयाच्या मुलांचा विचार झाला आणि 1.3 टक्के मुले मद्य घेतात असे दिसून आले. पण हा आकडा सबंध देशाचा, आणि त्यावरून नागपूरच्या इमामवाड्यात काय चालले आहे, कामठीत काय, काटोलच्या संत्र्याच्या बागांतून काय, हे कोणालाच कळत नाही.

सरासरी किती झाकून ठेवते याचे उदाहरण जवळच आहे. महाराष्ट्रात मद्य घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे चौदा टक्के निघाले. 1993 पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीत ते त्याच्या दुपटीहून अधिक. यावरून दारूबंदी निष्फळ ठरली असा निष्कर्ष काढण्याची काही जणांना घाई होते. बंदी नसती तर तिथे काय झाले असते, हे तो आकडा सांगत नाही. राज्याचा आकडा हातात धरून गडचिरोलीचे धोरण ठरविता येणार नाही, एवढे मात्र तो निःसंशय सांगतो.

नागपूरच्या कोणत्याही उपनगरात, दिवेलागणीनंतर, पानठेल्याच्या मागल्या अंगाला जाऊन पाहावे. पाण्याचे पाऊच दातांनी फोडलेले, प्लास्टिकचे ग्लास एकात एक खोवलेले, कागदावर चकणा आणि भिंतीला टेकवलेली दोन-तीन दप्तरे. बाटली आणणारा बहुधा वयाने मोठा, मोहल्ल्यातलाच, पोट्ट्यांचा ‘भाऊ’. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, जेव्हा मारबती आणि बडग्यांच्या मिरवणुकीत रोगराई आणि पिडा शहराबाहेर नेण्याचा पुकारा होत असतो, तेव्हा त्याच दिवशीच्या मटणाच्या पंगतींत कित्येक मुलांच्या ओठाला पहिला ग्लास लागतो, आणि तो लावणारा परका नसतो; काका असतो, मोठा भाऊ असतो, क्वचित बापही असतो. मिताक्षरेने ज्यांना प्रायश्चित्ताचे अधिकारी ठरविले, तेच हे बांधव. कलम 77 चा गुन्हा येथे रोज घडतो आणि जो तो घडवितो त्याला तो गुन्हा आहे याची वार्ताही नसते, कारण ती त्याला कोणी दिलेलीच नाही.

शास्त्रातल्या बांधवाने कृच्छ्र किंवा चांद्रायण करावे अशी अपेक्षा होती. आजच्या बांधवाचे, म्हणजे समाजाचे, व्रत कोणते असावे याचे उत्तर मला गडचिरोलीतच सापडते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली, तेव्हा त्या जिल्ह्यातली बाळे मरतात हे सर्वांना ठाऊक होते, पण किती, कोणत्या दिवशी आणि कशाने, हे कोणी मोजलेले नव्हते. त्यांनी आधी मोजले. मग कारणांचे संशोधन केले. आणि नंतर, ज्यांच्याकडून वैद्यकाने असे काही होईल असे मानलेच नव्हते, अशा थोड्या शिकलेल्या खेड्यातल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. 39 गावांत, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, हे ‘लॅन्सेट’मध्ये 1999 साली छापून आले. पुढे 2001 मधल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने सरकारी नोंदींतून किती बालमृत्यू निसटतात हे राज्यापुढे मांडले. मोजणे ही कारकुनी आहे असे समजणाऱ्यांना या इतिहासाने उत्तर दिलेले आहे: जे मूल मोजले गेले नाही, त्याच्या मरणाचे उत्तर कोणाला द्यावेच लागले नव्हते. त्याच मुलखात 2016 पासून दारू आणि तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’चे काम सुरू झाले, तेही याच क्रमाने.

मुलांच्या मद्यपानाची गणना करणे बालमृत्यूच्या गणनेहून अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. घरी जाऊन, आईच्या समक्ष, मुलाला विचारले तर तो नाही म्हणणार; शाळेत निनावी कागदावर विचारले तर बरेचसे खरे सांगणार, पण जो शाळा सोडून ढाब्यावर थाळ्या उचलतो किंवा वीटभट्टीवर राबतो तो त्या कागदावर येणारच नाही, आणि धोका त्याला सर्वाधिक. म्हणून दोन्ही वाटांनी जावे लागते, आणि त्यासाठी विचारण्याची कला शिकलेली माणसे लागतात. 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची योजना आहे आणि तिच्या विषयांत व्यसनप्रतिबंधही आहे. परंतु दारूचे दुष्परिणाम फळ्यावर लिहिणे निराळे, आणि सोमवारी सकाळी बाकावर डोके ठेवून बसलेल्या मुलाजवळ जाऊन, वर्गाला कळू न देता, ‘काल घरी काय झालं, बेटा?’ असे विचारून त्याचे उत्तर ऐकून घेणे निराळे. त्याचे उत्तर पुष्कळदा बापाच्या दारूविषयी असते, स्वतःच्या नव्हे. हे ऐकणे शिक्षकाला, आशाताईला, अंगणवाडीच्या बाईंना शिकवावे लागते. वयाचा पुरावा शांतपणे मागणे आणि नाही म्हणणे दुकानातल्या आणि बारमधल्या नोकरांना शिकवावे लागते, कारण रोजंदारीवर काम करणारा तो पोरगा गिऱ्हाइकाशी वाद घालून नोकरी गमावण्याच्या भीतीत असतो, आणि शिक्षा झालीच तर बहुधा तोच सापडतो.

मोजणी करून मुलांचे मद्यपान घटविता येते, हे आइसलँडसारख्या दूरच्या देशाने दाखविले आहे. तिथे 1998 मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुले गेल्या महिन्यात झिंगल्याचे सांगत होती. 2016 मध्ये 5 टक्के. उपदेशाने हे घडले नाही. दरवर्षी शाळांतून पाहणी झाली, प्रत्येक गावाचा निकाल त्याच गावाला लवकर परत दिला गेला, आणि मग आईबापांनी संध्याकाळ मुलांसोबत काढायची, मुलांना खेळ आणि संगीत मिळवून द्यायचे, असे ठराव त्या त्या गावाने केले. धनिक आणि चिमुकल्या देशाची नक्कल विदर्भाने करावी असे मी म्हणत नाही. माहिती जिथून घेतली तिथेच ती परत गेली, हा भाग मात्र उचलण्याजोगा आहे. आपल्याकडे माहिती तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मुंबईला जाते आणि परत येतच नाही.

एक आक्षेप गंभीर आहे. गडचिरोलीच्या गोंड-माडिया गावांत मोहाची दारू देवापुढे आणि पितरांपुढे वाहिली जाते. नागपूरच्या शिकल्यासवरल्या माणसाने तिथे रकाने घेऊन जावे आणि त्या थेंबाचीही नोंद पापाच्या खात्यात करावी, हा धर्मातला हस्तक्षेपच होय. मला हा आक्षेप खरा वाटतो, आणि म्हणूनच माहिती प्रदेशवार असावी असा माझा आग्रह आहे. देवाला वाहिलेला थेंब आणि ट्रकने चोरून येणारी बाटली यांचा हिशेब एका रकान्यात मांडणे अन्याय आहे, आणि नागपूरच्या धरमपेठेतल्या वाढदिवसाच्या मेजवानीतली बिअर हा तिसराच प्रकार. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना मादक पदार्थांची विक्री रोखण्याचा किंवा नियमित करण्याचा अधिकार दिला आहे. आपल्या गावातल्या मुलांची खरी संख्या जिच्यापुढे आली आहे अशी ग्रामसभा देवाचा थेंब कोणता आणि विक्रीची दारू कोणती, हे कोणत्याही निरीक्षकाहून चांगले ठरवील. धरमपेठेला मात्र ग्रामसभा नाही. तिथल्या मुलांचे बांधव म्हणून कोण बसणार, महापालिकेचा प्रभाग, शाळेची पालकसभा की सोसायटीची समिती, हे नागपूरने अद्याप ठरविलेले नाही. आणि ते ठरविण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.