कुवत आणि क्रम

आयआयटी प्रवेशाच्या जेईई अॅडव्हान्स्ड परीक्षेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचं पहिलं पान क्लासच्या जाहिरातीखाली जातं. पासपोर्ट आकाराचे फोटो, खाली रँक. आतल्या पानावर वर आलेल्या मुलाची मुलाखत असते: रोज दहा-बारा तास अभ्यास केला, मोबाईल बाजूला ठेवला. मुलगा खरंच बोलत असतो. पण त्यावरून आपण काढतो तो निष्कर्ष, की मेहनत केली की आयआयटी मिळते आणि ज्याला मिळाली नाही तो मेहनतीत कमी पडला, साफ चुकीचा आहे. त्याची किंमत सतरा-अठरा वर्षांची मुलं मोजतात.

2025 साली 1 लाख 80 हजारांहून अधिक मुलांनी दोन्ही पेपर दिले. त्यांतली 54 हजारांवर मुलं पात्र ठरली. तेवीस आयआयटींत मिळून जागा होत्या सुमारे 18 हजार. म्हणजे ज्यांना परीक्षेनंच पात्र म्हटलं, त्यांतल्या तिघांमागे एकालाच जागा होती. खुल्या गटाच्या सर्वसाधारण यादीत येण्यासाठी त्या वर्षी 360 पैकी 74 गुण पुरले. आदल्या वर्षी 109 लागले होते. वर्षभरात मुलं काही मठ्ठ झाली नाहीत. पेपर बदलला की रेघ हलते.

मेहनतीचा मुद्दा एकेका मुलापुरता खरा आहे, सगळ्यांपुरता नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा चपळ असतो, हे कबूल. पण फलाटावरच्या सगळ्यांनी रुमाल टाकले म्हणून गाडीतली बाकं वाढत नाहीत. अभ्यासानं वाढते ती कुवत. प्रवेश मिळतो तो क्रमावर, आणि माझा क्रम माझ्या हाती असतो तितकाच इतर लाखभर मुलांच्या हाती असतो. हा फरक एकदा मनाशी पक्का केला की बाकीची चर्चा आपोआप सरळ होते.

यावर उत्तर मिळतं, की क्रमसुद्धा कुवतीनंच लागतो ना? वरच्या काही शेकड्यांपुरतं ते मी मान्य करीन. त्याखाली एकेका गुणावर मुलांची गर्दी असते. दोघांची बेरीज सारखी आली, तर आधी उणे गुण न धरता कोणाचे गुण जास्त ते बघतात, मग गणिताचे, मग भौतिकशास्त्राचे. यादी लावायची तर असा काही नियम हवाच. पण भौतिकशास्त्राच्या गुणांवर मागे गेलेला मुलगा पुढच्यापेक्षा कमी लायक आहे, असं तो नियम करणारेही म्हणणार नाहीत.

परीक्षाच रद्द करा म्हणणाऱ्यांनी तिच्या जागी काय आणणार ते आधी सांगावं. आणि आरक्षणानं जागा खाल्ल्या म्हणणाऱ्यांनी हे बघावं, की प्रत्येक प्रवर्गाच्या दाराशी पात्र मुलं ताटकळत आहेत.

2005 पर्यंत प्रवेश परीक्षेत उत्तरं लिहून काढावी लागत. 2006 पासून पेपर वस्तुनिष्ठ झाला. क्रम लावण्याचं काम सोपं झालं आणि क्रमाची तयारी करून घेणारा धंदा फोफावला. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. शेवटच्या काही वर्षांत हजेरीपटावर वर्ग भरलेला असे आणि प्रयोगशाळेत जेमतेम सहा मुलं. बाकीची क्लासमध्ये. एका मुलीनं कोटा शहरातल्या क्लासच्या शंभरेक टेस्ट दिल्या होत्या, पण व्हर्नियर कॅलिपर हातात धरायची तिची पहिलीच वेळ, बारावीच्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी. शून्यांक त्रुटीचं सूत्र तिला तोंडपाठ होतं. जबडे मिटवून ती त्रुटी डोळ्यांनी दिसली, तेव्हा ती कितीतरी वेळ उपकरण उघडत-मिटत राहिली. तिला आयआयटी मिळाली नाही. विज्ञान तिथं, त्या टेबलापाशी, तिला मिळत होतं. दोन वर्षं आम्ही तिला त्यापासून लांब ठेवलं होतं.

आईवडिलांना माझी एवढीच विनंती आहे. यादीत नाव असून जागा न मिळालेलं मूल तुमच्या घरात असेल, तर निकालाच्या संध्याकाळी त्याला ‘कुठं कमी पडलास?’ असं विचारू नका. ते कमी पडलेलं नाही.