सहीआधी मास्टर चार्ट

मिरज, ता. १२ जुलै

चि. मुक्ता,

काल फोनवर तू विचारलंस, "आत्या, सर स्वतःहून पेपरवर माझं नाव घालतायत, तिसरं. मी फक्त चार परिच्छेदांची भाषा नीट करून दिली. नाव आलं तर कुणाचं काय बिघडतं?" तुला ड्यूटीवर जायचं होतं आणि उत्तर दोन मिनिटांत आटोपणारं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

असं नाव मीही घेतलं होतं. एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. क्षयरोगाच्या रुग्णांवरचा पेपर, काम सगळं सीनियरचं. मी टायपिंगच्या चुका काढल्या आणि माझं नाव छापून आलं. आईने तो अंक देवापुढे ठेवला. पुढे बऱ्याच वर्षांनी एका कार्यशाळेत तालुक्याच्या गावाहून आलेला एक तरुण डॉक्टर त्या पेपरची झेरॉक्स घेऊन माझ्यापाशी आला. "मॅडम, मध्येच औषध सोडून गेलेले अकरा रुग्ण तुम्ही एकूण संख्येत धरलेत की वगळलेत?" त्या टक्केवारीवर विसंबून तो आपल्या रुग्णांना धीर देत होता. मला उत्तर माहीत नव्हतं. सीनियरला गाठलं, पण मास्टर चार्ट, म्हणजे रुग्णवार नोंदींचा मूळ तक्ता, त्याच्याकडेही उरला नव्हता. त्या मुलाचा प्रश्न अजून माझ्याकडे तसाच पडून आहे.

लग्नपत्रिकेत आपण सगळ्या भावकीची नावं घालतो. त्यात माया असते, कुणाचं नुकसान नसतं. पेपरवरचं नाव मात्र जामीनदाराच्या सहीसारखं असतं. कर्ज थकलं की बँक जामीनदाराच्या दारात येते, आणि "मी नुसती सही केली होती" हे तिथे चालत नाही.

१९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र बसले. त्यातून उभ्या राहिलेल्या समितीला आज आयसीएमजेई म्हणतात. लेखक कोणाला म्हणावं, याच्या तिच्या चार अटी आहेत आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात. अभ्यासाच्या आखणीत, माहिती जमवण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिलेला किंवा मुद्द्यांच्या अंगाने तपासून सुधारलेला हवा. छापायला जाणाऱ्या मसुद्याला मान्यता दिलेली हवी. आणि कुठल्याही भागाबद्दल शंका निघाली, तर तिचा छडा लावण्याची जबाबदारी पत्करलेली हवी. ही चौथी अट २०१३ मध्ये जोडली गेली. जामीनदाराची अट ती हीच.

ती मोडली की काय होतं, हे कोविडच्या पहिल्या लाटेत जगाने पाहिलं. २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट'मध्ये एक पेपर आला. ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ रुग्ण, आणि निष्कर्ष असा की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलेल्यांत मृत्यू जास्त. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतलं ते औषध थांबवलं. मग कुणीतरी साधी बेरीज ताडून पाहिली. पेपरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाच रुग्णालयांत २१ एप्रिलपर्यंत ७३ मृत्यू दाखवले होते. तोवर अख्ख्या देशात मृत्यूंची नोंद होती ६७. माहिती सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीची होती. तिचा प्रमुख स्वतः लेखकांत होता. बाकीच्या तीन नामांकित डॉक्टरांनी स्वतंत्र तपासणीसाठी मूळ नोंदी मागितल्या, तर कंपनीने त्या द्यायला नकार दिला. ४ जूनला त्या तिघांनी पेपर मागे घेतला. ज्या नोंदी त्यांनी छापण्याआधी मागायच्या, त्या त्यांनी बोभाटा झाल्यावर मागितल्या.

दुसऱ्याच दिवशी ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने सांगितलं की रुग्णालयात दाखल रुग्णांना या औषधाचा फायदा होत नाही. म्हणून आधीचा पेपर 'तसा बरोबरच होता' असं कुणी म्हणालं तर मान्य करू नकोस. रिकव्हरीचं उत्तर खऱ्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागून, मोजून आलं होतं. नोंदींवाचून आलेलं उत्तर जुळलं तरी ते ज्ञान होत नाही.

आता तुझं. सरांना नाही म्हणायला तुला जड जाणार, ते मी समजू शकते. थीसिसवर सही त्यांचीच हवी. म्हणून नाही म्हणू नकोस, काम माग. "सर, मास्टर चार्ट बघू का? दहा-पंधरा केसपेपर जुळवते, विश्लेषण तुमच्याकडून समजून घेते, मसुद्यावर माझ्या शंका लिहून देते. मग नाव घाला." बहुतेक शिक्षकांना असं ऐकून बरंच वाटतं. वेळ नाही म्हणाले, तर म्हण, "मग सर, ऋणनिर्देशात ठेवा." तिथे आलेलं नाव कमी मोलाचं नसतं. ते तू जेवढं केलंस तेवढंच सांगतं.

आणि चार्ट हातात आला की सावकाश वाच. अनुक्रमांक, वय, लिंग, थुंकीचा रिपोर्ट. प्रत्येक ओळीमागे एक संमतिपत्र आहे. माझ्या थीसिसच्या वेळी एका आजींना मी ते वाचून दाखवलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, "औषध किती दिवस?" आणि "माझ्यामुळे दुसऱ्याला गुण येईल का?" एवढंच विचारलं, अंगठा उठवला आणि शाई पदराच्या टोकाला पुसली. अक्षरओळख नसताना त्यांनी सगळं ऐकून अंगठा दिला होता. आपण तर वाचू शकतो.

रात्रपाळी असली तरी वेळेवर जेवत जा.

तुझी,
आत्या