गर्दीपासून बाजूला



संत मार्क यांच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू एका बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला बरे करतो. 'इप्फाथा' हा शब्द आपल्या लक्षात राहतो, पण त्या माणसाला तो ऐकू येणार नव्हता. म्हणून येशूने आधी त्याला गर्दीपासून बाजूला नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला, स्वर्गाकडे पाहिले. त्या माणसाला कळेल अशा भाषेत प्रभू त्याच्याशी बोलला.

वृद्धाश्रमातल्या एका आजींना मी ख्रिस्तप्रसाद द्यायला जात असे. त्यांचे 'आमेन' नेहमी भलत्याच ठिकाणी येई. वयामुळे प्रार्थना विसरल्या असतील, असे मी धरून चाललो. एकदा त्या म्हणाल्या, "फादर, तुमचं तोंड पुस्तकामागं असतं. दिसलं तर कळतं मला." मला फार लाज वाटली.

सांगली-मिरज परिसरातील वृद्धाश्रमांत किंवा आपल्याच घरी अशी माणसे आहेत. वाढत्या वयात बहुधा बारीक, उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. आवाज कानी पडतो, पण शब्द उलगडत नाही. ओरडल्याने तो आणखी फाटतो. म्हणून उजेडात, समोर बसावे. टीव्ही बंद करावा. आधी हळूच हाताला स्पर्श करावा. सावकाश बोलावे. कळले नाही तर वाक्य बदलून सांगावे. कानाच्या मशीनचा सेल संपला नाही ना, हेही पाहावे. नुसत्या 'हो, हो'वर समाधान मानू नये. पुष्कळ जण संकोचाने मान डोलावतात.

जखऱ्याला त्याच्या नातलगांनी खुणेने विचारले आणि त्याने पाटीवर बाळाचे नाव लिहिले. आपल्याही पिशवीत एक वही आणि जाड पेन असू द्या. कर्णबधिरांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स यांनी मार्टिन नावाच्या तरुणाला खुणांनी धर्मशिक्षण दिले होते.

आणखी एक. दुखणे, औषध, पैसे, पापनिवेदन यांविषयी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असे ओरडून विचारू नका. येशूने त्या माणसाला बाजूला नेले, त्याचा मान राखला.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांसाठी नेमून दिला. त्याची वाट पाहू नका. याच आठवड्यात एका वृद्धाजवळ अर्धा तास बसा. प्रभू आधी आपले कान उघडो. आमेन.