कागद कोणाच्या ताब्यात?

जालन्याहून भोकरदनला जाताना राजूरच्या पुढे केदारखेडा लागतं. इथे ‘पेपर’ म्हटलं की सकाळचं वर्तमानपत्र, नाहीतर दहावी-बारावीची परीक्षा. ‘कागद’ म्हटलं की मात्र बोलणाऱ्याचा सूर बदलतो. कागद म्हणजे सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, जातीचा दाखला, बँकेची बेबाकी. ‘त्याच्याजवळ कागद आहे’ असं कुणी म्हणालं की त्याची बाजू पक्की असं समजायचं. ‘आपल्याजवळ कागद नाही’ म्हणणारा माणूस तीन पिढ्या कसलेल्या वावराच्या बांधावर उभा असला तरी आवाज खाली घेऊन बोलतो.

कागदाची ही जरब मी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि तिच्याबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे. कागद पेटीत कोणाच्या आहे यापेक्षा तो वाचता कोणाला येतो, याला महत्त्व जास्त. ज्याला स्वतःचा कागद वाचता येत नाही, त्याच्या घरातला कागदही दुसऱ्याच्याच ताब्यात असतो.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. इतिहासात हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदलं गेलं आहे, पण त्या लोकांनी नेमकं काय मागितलं ते लक्षात घ्यावं. बहुतेक ठिकाणी त्यांना सावकाराचा जीव नको होता, त्याची खतं हवी होती. कर्जरोखे आणि हुकूमनामे हाती आले की ते जाळायचे. अंगठा आपला, मजकूर दुसऱ्याचा, आणि कोर्टात गेल्यावर खरा ठरतो तो मजकूर. ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्याजवळ कागदाला उत्तर म्हणून आगकाडीच उरली होती. सरकारलाही ते कळलं असावं. १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिण्याची सोय झाली आणि दस्तामागचा खरा व्यवहार काय होता ते तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला.

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या हद्दीत होता, त्यामुळे तो कायदा इथे आला नाही. भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. कचेरीची भाषा आधी फारसी, मग उर्दू. गावपातळीवर मोडीही चाले. वसुली माली पाटलाकडे आणि दप्तर पटवाऱ्याकडे. सनसुद्धा फसली. १३१७ फसली असं वाचलं तर नवख्या माणसाला ते सातशे वर्षांपूर्वीचं वाटेल. प्रत्यक्षात त्यात ५९० मिळवले की १९०७-०८ निघतं. महिने आजूर, बहमन, इस्फंदार. शेतकरी मराठी बोलणार, देवळातल्या पोथीतली बाळबोध लिपी फार तर ओळखणार, आणि त्याच्या जमिनीचं सारं नशीब उजवीकडून डावीकडे लिहिलेलं. उर्दूचा यात काही दोष नाही; ती इथल्या हजारो घरांची बोलीची आणि जिव्हाळ्याची भाषा आहे. दोष त्या राज्यकारभाराचा, ज्याला आपला कागद रयतेला वाचता यावा असं कधी वाटलं नाही.

त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर, कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कचेऱ्या-कचेऱ्यांतली जुनी दप्तरं बाहेर निघाली. आरक्षणाचा निवाडा कसा व्हावा हा इथला विषय नाही. माझं लक्ष गेलं ते दुसरीकडे. इतकी दप्तरं उघडली आणि ती वाचायला मोडीचे आणि उर्दूचे जाणकार शोधावे लागले. आजोबांचं नाव समोरच्या पानावर असेल, पण नातवाला ते ओळखता येत नाही. पंचाहत्तर वर्षांत एवढी तुटातूट झाली.

ज्यांचं नाव कुठल्याच पानावर नाही त्यांचं काय, हा प्रश्न तर याहून जड आहे. जातीच्या दाखल्यासाठी पुरावा लागतो तो अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, नाहीतर जमिनीची नोंद. ज्याचा पणजोबा पालं घेऊन गावोगाव फिरला, ज्याला ना शाळा ना जमीन, त्याने ही नोंद आणायची कुठून? वंचित होता म्हणून कागद झाला नाही, आणि कागद नाही म्हणून वंचित होता हे सिद्ध होत नाही. गृहचौकशी करून दाखला देण्याची वाट आहे, पण त्या वाटेने माणसाला किती हेलपाटे पडतात ते भोकरदनच्या तहसिलीबाहेर एक दिवस बसलं तरी कळतं. याच भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसाने दूरदेशी आपलं नाव दगडावर कोरून घेतलं आणि ते आजही वाचता येतं.

वाचता येण्याची काळजी घेणारा एक माणूस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेला १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर लिहिला आहे. अध्यात्माच्या ग्रंथात शाई, लेखणी आणि कागद यांना एवढी जागा देणारा दुसरा संत मला माहीत नाही. कागदाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी आणि मधे लिहावं असं ते सांगतात; कारण काय, तर कडा झडल्या तरी अक्षर झडू नये. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, हाही त्यांचाच सल्ला. आजच्या छापील अर्जांच्या मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत अटी असतात. ते अर्ज तयार करणाऱ्यांनी हा समास एकदा वाचावा असं मला मनापासून वाटतं.

टिकण्याचीही गोष्ट सांगायला हवी. दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा आहे. तिथे जुन्या चिंध्या भिजवून, कुटून, लगदा करून साच्यावर कागद उचलायचा, वाळवायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा, असा धंदा तुघलकाच्या काळापासून चालत आल्याचं सांगतात. दौलताबादी आणि जुन्नरी कागदावर काजळाच्या शाईने लिहिलेलं तीन-तीनशे वर्षं टिकलं आहे. आणि आज? एस.टी.च्या मशीनमधून निघणारं तिकीट, रेशन दुकानातली पावती, एटीएमची चिठ्ठी यांवर शाईच नसते. कागदावरच्या लेपावर उष्णतेने अक्षर उमटतं आणि उन्हाने, प्लास्टिकच्या पिशवीने काही महिन्यांत उडून जातं. अशी पावती पुरावा म्हणून जपून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. वेळ येते तेव्हा हातात कोरी पट्टी असते. तिची त्याच दिवशी झेरॉक्स काढावी. आणि जुना दस्त लॅमिनेट मुळीच करू नये. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की ते काढताना कागदच फाटतो.

सातबाराचा कागद तरी आज मराठीत आहे, २०१८ पासून डिजिटल सहीचाही मिळतो. तरी तो वाचणारे किती? वर गाव नमुना सात, खाली बारा. हेक्टर-आरमध्ये क्षेत्र, पोटखराबा, आकार, एवढं पुष्कळांना येतं. पण ‘इतर हक्क’ या रकान्याकडे नजर जात नाही. बोजा तिथे असतो, कुळाची नोंद तिथे असते. आणि बापाच्या मागे लेकींची नावं मुलांच्या ओळीत न लावता पुष्कळदा त्याच रकान्यात टाकलेली असतात. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा दिला. तरी वारस लागल्यावर काही महिन्यांत बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधकाकडे नेतात आणि हक्कसोड करून आणतात. मग नावाला कंस पडतो. तो कंस कशाचा, हे त्या बहिणीला बहुतेक वेळा कुणी समजावून सांगत नाही. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. हे प्रेमाने दिलेलं असतं असं म्हणायची पद्धत आहे. मजकूर वाचून न दाखवता घेतलेल्या सहीला मी प्रेम म्हणणार नाही. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या काळात ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली, गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन केली, आणि १९९२ मध्ये सरकारनेही बायकोचं नाव सातबारावर लावण्याचा निर्णय काढला. तेव्हा जे मराठवाड्यात होऊ शकलं ते आज अवघड का वाटावं?

यावर एक जुना, बिनखर्चाचा उपाय आहे. चावडी वाचन. तलाठ्याने गावकऱ्यांसमोर सातबारा मोठ्याने वाचायचा आणि ज्याची चूक निघेल त्याने तिथेच हरकत सांगायची. २०१७ मध्ये संगणकावरच्या सातबारासाठी सरकारने ते राज्यभर करायला सांगितलं होतं. पुष्कळ गावांत तेव्हा चार माणसं जमली आणि वाचन उरकलं गेलं.

केदारखेड्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या माणसांना माझी विनंती आहे. येत्या ग्रामसभेत चावडी वाचनाची मागणी लेखी करा. त्या दिवशी आईला, बायकोला, माहेरी आलेल्या बहिणीला बरोबर न्या. आपलं नाव, क्षेत्र आणि ‘इतर हक्क’ पूर्ण ऐका. चूक दिसली तर तिथल्या तिथे अर्ज द्या आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय घरी परतू नका.