गुडघा कुणाच्या खात्यात?

सिद्धार्थ देसाईच्या किमती एकाखाली एक लिहून पाहा. २०१८च्या प्रो कबड्डी लिलावात यू मुंबाने त्याला ३६.४० लाखांना घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचा हा चढाईपटू त्या मोसमात असा खेळला, की २०१९ला तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. २०२१ला त्याच संघाने १.३० कोटींना त्याला राखलं. मोसम सुरू होतो न होतो तोच दुखापत झाली आणि २०२२च्या लिलावात भाव उतरला २० लाखांवर. २०२३ला हरियाणा स्टीलर्सने पुन्हा १ कोटी दिले.

बाजाराच्या हिशेबात यात काही गैर नाही. खांदा-गुडघा साथ देईल याची खात्री नसेल तर कोण पैसे ओतेल? पण दुखापत काही घरी जिन्यावरून घसरून होत नाही. ती चढाईत होते, चार जणांच्या साखळीखाली होते, संघाला गुण मिळवून देताना होते. तो गुण संघाच्या खात्यात जमा झाला. मग मोडलेलं हाड एकट्या खेळाडूच्या खात्यात का?

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये या प्रश्नाचं एक उत्तर करारातच लिहिलेलं असतं. तिथले मोठे करार बहुधा हमीचे असतात. खेळाडू वर्षभर जायबंदी राहिला तरी पगार चालूच. म्हणून सगळी भीती सहीच्या आधी उफाळून येते. २०२२च्या डिसेंबरात कार्लोस कोरेयाचा सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी १३ वर्षांचा, ३५ कोटी डॉलरचा करार ठरला होता. डॉक्टरांनी जुना घोटा तपासला आणि तो बारगळला. मग न्यूयॉर्क मेट्सशी ठरलेला ३१.५ कोटींचाही बारगळला. शेवटी मिनेसोटाशी ६ वर्षांचे २० कोटी.

बॉस्टनने जॉन लॅकीच्या बाबतीत आणखी चलाख वाट काढली. पाच वर्षांचे ८.२५ कोटी डॉलर द्यायचे, पण कोपराच्या जुन्या दुखण्याने मोठा काळ वाया गेला तर सहावं वर्ष त्याने लीगच्या किमान पगारावर खेळायचं. कोपराची शस्त्रक्रिया झाली, २०१२ अख्खं गेलं; २०१५ला तो, तोवर दुसऱ्या संघात जाऊनही, पाच लाख डॉलरच्या आसपास पगारावर खेळला. मला हे कलम निर्दय वाटत नाही. धोका कोणता, तो कुणी किती उचलायचा, हे दोघांनी समोरासमोर बसून लिहिलं होतं, आणि खेळाडूंची संघटना तिथे भक्कम आहे.

कबड्डीत असं कलम लिहायची गरजच पडत नाही. करार एकदोन मोसमांचे. पुढचा लिलाव हेच कलम.

जखमी शरीर विकत घेणारेही असतात म्हणा. २०२२ला मुंबई इंडियन्सने जोफ्रा आर्चर त्या वर्षी खेळणार नाही हे ठाऊक असताना ८ कोटी लावले. पुढच्या वर्षी तो पाच सामने खेळला आणि पुन्हा जायबंदी. पण असा जुगार परवडणारे थोडे, आणि ज्याच्यावर तो लावला जातो तो आर्चर असावा लागतो.

आमच्याकडे, म्हणजे माहुल-चेंबूरच्या पट्ट्यात, या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वीपासून एकच आहे: नोकरी. बँक, रेल्वे, पोलीस, नाहीतर माहुलला जिची रिफायनरी आहे ती भारत पेट्रोलियम. २०१८ला महाराष्ट्राला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार रिशांक देवाडिगा भारत पेट्रोलियमचाच. त्याच वर्षी यूपी योद्धाने त्याला १.११ कोटींना घेतलं. खेळाडू म्हणून भरती झालेल्याचा गुडघा गेला, तरी टेबल-खुर्ची जात नाही. पस्तिशीत मैदान संपतं, पगार साठीपर्यंत येतो. कोपराकोपराचं कलम न लिहिता अख्ख्या शरीराचा विमा उतरवण्याची ही रीत.

लीगचं अर्थकारण याच खुर्चीवर टेकलेलं आहे, असं माझं मत. मालकाला २० लाखांत खेळाडू मिळतो, कारण त्याच्या उरलेल्या आयुष्याचा भार दुसरीकडे, बऱ्याचदा सरकारी तिजोरीवर असतो. लीग चांगल्या गुडघ्याचे पैसे देते. वाईट गुडघ्याचे रेल्वे देते. याबद्दल लीगने कुणाचे आभार मानल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

जुन्या रीतीला सोन्याचा मुलामा मात्र नको. नोकरी लागण्याआधीच ज्याचा पाय मोडला तो कुठल्याच वहीत नसतो. आणि माहुलमध्ये उभं राहून 'धोका पत्करला' हे शब्द सहज तोंडून निघत नाहीत. तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून ज्यांना इथे आणून टाकलं त्यांनी कुठल्या कागदावर या हवेचा धोका पत्करला होता? २०१९ला उच्च न्यायालयाने त्यांना इथे राहण्याची सक्ती नको, महिना १५ हजार भाडं द्या, असं सांगितलं, तेव्हा कुठे त्या धोक्याला आकडा मिळाला. त्यांच्यापुढे लॅकी भाग्यवान. निदान त्याला कलम वाचायला मिळालं.

आता कायम नोकऱ्या आटत चालल्या आहेत. कबड्डीच्या मैदानाकडेला उभ्या असलेल्या बापांना लिलावाचे आकडे तोंडपाठ असतात, पण प्रशिक्षकांना ते विचारतात वेगळंच: "सर, यंदा खेळाडूंची भरती कुठे निघतेय?" सर नुसते मॅटकडे बघत राहतात.