आधी चौथाई मापात

विंचूर

चि. नातीस,

२५० ते ५०० मेगाहर्ट्झसाठी सोळा अँटेनांचा संच करायचा, तर एकदम पूर्ण मापाचा बांधू की आधी मॉडेल करू, असं तू विचारलंस. आधी मॉडेल कर. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत सुधारणेनंतर २५० ते ५०० हाही एक पट्टा आहे. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा टिपत, आता ४०० पर्यंत टिपतात. रुंद पट्टा किती अवघड असतो, हे मोठा संच उभारण्याआधीच कळलेलं बरं.

अँटेनाला सेंटीमीटर कळत नाहीत, तरंगलांबी कळते. सगळी मापं चौथाई कर आणि वारंवारता चौपट, म्हणजे १००० ते २००० मेगाहर्ट्झ. किरणाचा आकार तोच राहतो. मोजायचं अंतरही चौथाई होतं. २.४ मीटर रुंद संच ५०० मेगाहर्ट्झला मोजायला सुमारे १९ मीटर मोकळी जागा लागते. मॉडेलला पाच मीटर पुरतात. तेवढी आपल्या गच्चीवर आहे.

खरी मेख अँटेनांमधल्या अंतरात आहे. तू ६० सेंटीमीटर धरलंस. खालच्या टोकाला ती अर्धी तरंगलांबी, तिथे शेजारी एकमेकांना ओढतात. वरच्या टोकाला पूर्ण तरंगलांबी, तिथे किरण तिरका केला की भलत्याच दिशेला खोटी पाकळी उगवते. म्हणून एकटा अँटेना मोजून समाधान मानू नकोस. बाकीचे पंधरा जागेवर ठेव, प्रत्येकाला ५० ओहमचा लोड लाव, मग एकेक मोज. कोपऱ्यातला आणि मधला वेगळे वागतात. मला तर याच फरकात सगळं शिक्षण दिसतं.

एक गोष्ट मात्र मॉडेल खरी सांगणार नाही. तांब्याची वाहकता चौपट करता येत नाही, त्यामुळे धातूतला तोटा मॉडेलमध्ये सुमारे दुप्पट दिसेल. शिवाय अर्ध्या मिलिमीटरची चूक मोठ्या संचातल्या दोन मिलिमीटरइतकी. व्हर्नियर हाताशी ठेव, डाग देताना घाई नको.

१८०० मेगाहर्ट्झचा मोबाईल पट्टा मॉडेलच्या पट्ट्यात येतो, तेव्हा टॉवरकडे तोंड करून मांडू नकोस. आराखडा आधी पाठव. कोपऱ्यातल्या चौघांची आणि मधल्या चौघांची मापं वेगळी लिहायला कोष्टक आखून ठेवतो.

तुझे आजोबा