वाघूरच्या वरच्या अंगाला

वाघूर नदी अजिंठ्याच्या लेण्यांना नालेच्या आकाराचा वळसा घालते, डोंगरातून खाली उतरते आणि पहूरच्या अंगाने पुढे तापीकडे जाते. पहूरकरांना लेणी म्हणजे घरी पाहुणे आले की त्यांना दाखवून आणायची जागा. पण श्रद्धा, नीती आणि माणसाची स्वतःची इच्छा यांचा एकमेकांशी काय तंटा आहे हे समजून घ्यायचे, तर मी सोळाव्या लेण्यातल्या एका चित्रापुढे उभा राहीन.

चित्रात एक राजस्त्री आसनावर कोसळते आहे. मान कलली आहे, डोळे अर्धे मिटले आहेत. एका दासीने तिला मागून सावरले आहे, बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर काळजी आहे. 1872 पासून पुढची काही वर्षे मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स इथे चित्रांच्या नकला करत होते. त्यांच्या काळापासून हे चित्र ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून ओळखले जाते. ती सुंदरी असावी, बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी, असे अभ्यासक मानतात. कारण जवळच एक सेवक मुकुट घेऊन उभा आहे. नंदाने उतरवलेला मुकुट.

अश्वघोषाने ‘सौंदरनंद’ काव्यात ही गोष्ट सांगितली आहे. बुद्ध भिक्षेला दारी आले आणि कोणाचे लक्ष न गेल्याने रिकाम्या हाती परतले. नंद त्या वेळी सुंदरीच्या शृंगारात रमलेला. चूक कळताच तो क्षमा मागायला निघाला. चेहऱ्यावरचा ओला तिलक वाळायच्या आत परत ये, असे तिने बजावले. बुद्धांनी त्याच्या हाती भिक्षापात्र दिले. थोरल्या भावाच्या हातचे पात्र खाली कसे ठेवायचे? नंद मागोमाग चालत राहिला, विहारात पोचला, आणि रडत असतानाच त्याचे मुंडन झाले.

या गोष्टीतला हा भाग मला फार अस्वस्थ करतो. इथे कोणी दुष्ट नाही. बुद्धांना भावाचे कल्याण हवे आहे, नंदाला भावाचा मान राखायचा आहे. तरी जे घडले ते नंदाच्या मनाविरुद्ध घडले, आणि त्याची किंमत तिथे हजरच नसलेल्या बाईने मोजली. पुढे नंद स्वतःच्या साधनेने अर्हत झाला, तेव्हा कुठे तो धर्म त्याचा झाला. मुंडनाच्या दिवशी तो केवळ भिडेपोटी भिक्षू होता. आपल्याकडे घराघरांत पाळला जाणारा कितीतरी धर्म असाच भिडेचा असतो.

ज्यांच्या निवासासाठी हे लेणे कोरले, त्या भिक्षूंनीही घरेदारे सोडलेली. त्यांच्यामागेही कोणी आई, कोणी पत्नी राहिली असेल. तरी त्यांच्याच विहाराच्या भिंतीवर चित्रकाराने सुंदरीला जागा दिली. आपल्या धर्माने कोणाला रडवले हे त्यांनी रोज डोळ्यांसमोर येऊ दिले. धर्माच्या नैतिक धैर्याची याहून मोठी खूण मला माहीत नाही.

लेण्याचा दाताही पाहण्यासारखा आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला वाकाटक राजा हरिषेण, त्याचा हा मंत्री वराहदेव. जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यातला शिलालेख त्याचे घराणे ब्राह्मणांचे असल्याचे सांगतो. जन्माने ब्राह्मण, आणि दान बौद्ध संघाला. ते देताना त्याला आपले कूळ लपवावे लागले नाही.

दीड हजार वर्षांनी आपण श्रद्धा, नीती आणि स्वतःची इच्छा हे तिन्ही धागे एका वाक्यात बांधले. संविधानाचा अनुच्छेद 25 सदसद्विवेकबुद्धीचे आणि धर्म आचरण्याचे स्वातंत्र्य देतो. पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. कागदावर हे स्वच्छ दिसते. पहूरसारख्या गावातली मुलगी पुण्याला नोकरी करते, दुसऱ्या जातीतल्या वा धर्मातल्या मुलाशी लग्न करायचे म्हणते, तेव्हा ते स्वच्छ राहत नाही. 1954 चा विशेष विवाह कायदा दोघांच्या बाजूने आहे, पण तोच तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लावायला लावतो. घरच्यांना, भाऊबंदांना दबाव आणायला तीस दिवस पुष्कळ झाले. ही अट जावी असे माझे स्पष्ट मत आहे. सज्ञान माणसाने कोणाशी संसार करावा हे गावाने वाचून ठरवायचे नसते.

तेवढ्याने मात्र प्रश्न मिटत नाही. आई जेवण सोडते. “तुझ्या बापाने गावात तोंड कसं दाखवायचं?” म्हणते. तिचे रडणे खोटे नसते, तिची श्रद्धाही खोटी नसते. मुलीने आपला मार्ग सोडू नये, पण आईचा हा चेहरा पाहू नये असेही नाही. आईच्या दुःखाला नुसते मागासलेपण म्हणून निकालात काढणारे स्वातंत्र्य मला अपुरे वाटते. दुःख खरे असले म्हणून मागणी न्याय्य ठरत नाही, आणि मागणी अन्यायाची आहे म्हणून दुःख खोटे ठरत नाही.

इथे मला साने गुरुजी आठवतात. अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवणारे, 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने उतरून घेणारे गुरुजी. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून 1 मे 1947 रोजी ते उपोषणाला बसले. गांधीजींनी ते सोडायला सांगितले. ज्यांना ते गुरुस्थानी मानत, त्यांचा शब्दही या बाबतीत त्यांनी मानला नाही. श्रद्धा आणि स्वतःचा विवेक एकाच देहात कसे नांदतात, हे त्या नकारात दिसते.

पण आईनेही जेवण सोडले आणि गुरुजींनीही. दोन्ही दबावच. मग फरक कुठे? गुरुजी आधी कित्येक महिने महाराष्ट्रभर हिंडले, गावोगावच्या सभांमधून लोकांना समजावत राहिले. लोकांची मने वळवल्यावाचून उघडलेले दार त्यांना नको होते. आईच्या उपासाला असा वेळ नसतो, आणि त्याने एका माणसाचा रस्ता बंद होतो. गुरुजींच्या उपासाने कोणाचा रस्ता बंद झाला नाही. मंदिराच्या पुजारी बडव्यांचा विठ्ठल त्यांच्याकडेच राहिला, वारकऱ्यांची वारी चालूच राहिली. 10 मे रोजी उपोषण सुटले ते मंदिर सर्वांना खुले करायचे ठरल्यावर. ज्यांना दर्शन हवे होते त्यांना आत जाता येणार होते, आणि ज्यांना विठ्ठल नकोच होता त्यांच्यावर कोणतीही सक्ती नव्हती.